मांडीवरचे मूल आणि मोटारीचा वेग

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस 'मुलांवरील संस्कार' या विषयावर बोलावयास सांगितले होते. मास्तर म्हटला की तो संस्कारांवर बोलावयाचा, हा समज जुना आहे आणि तो अगदीच चुकीचा आहे असेही नाही. मॅट्रिक होऊन आम्ही जे खडू हाती घेतले ते सेवानिवृत्तीपर्यंत सोडले नाहीत. तेव्हा संस्कारांविषयी चार शब्द बोलण्याइतके भांडवल आमच्यापाशी निश्चित आहे. परंतु ज्याच्यावर संस्कार करावयाचे ते मूल प्रथम धडधाकट घरी पोचले पाहिजे. यास्तव अध्यक्षांची अनुज्ञा घेऊन आम्ही विषय थोडासा बदलून घेतला आहे. मोटारीतून आणि दुचाकीवरून आपण आपली तान्ही व लहान मुले कशी नेतो, आणि ती कशी न्यावयास हवीत, एवढाच आजचा विषय आहे.

आज सकाळी आम्ही या आवारात थोडे आधीच येऊन बसलो होतो. सहज म्हणून दाराशी थांबणाऱ्या मोटारी मोजू लागलो. साठाच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडून दिले. चाळीस वर्षांपूर्वी याच मेळाव्यास मंडळी एस.टी.ने येत, भुसावळकडची पॅसेंजरने येत, जवळच्या खेड्यांतील काही बैलगाड्या जुंपून येत. आज घरोघरी मोटार आली, ही आनंदाची गोष्ट आहे आणि ती मुलांच्या शिक्षणातून व शेतीच्या कष्टातून आली हेही आम्ही जाणतो. परंतु त्या साठ मोटारींतून जी लहान मुले उतरली, ती कोठून उतरली हेही आम्ही पाहत होतो. कोणी आईच्या मांडीवरून उतरले, कोणी पुढच्या जागेवर बसलेल्या आजोबांच्या मांडीवरून, आणि एक चिरंजीव तर मोटार चालविणाऱ्या वडिलांच्या मांडीवरून, स्टिअरिंगला हात लावूनच उतरले. स्वतःच्या वेगळ्या आसनातून उतरलेले मूल आम्हांस एकही दिसले नाही.

हे आम्ही कोणास उणे दाखविण्यासाठी सांगत नाही. मांडीवर मूल घेणे यात निष्काळजीपणा मुळीच नाही. उलट ते प्रेमच आहे. आपल्या घरातील कोणत्याही आजीस विचारा, ती सांगेल, ''मनी मांडीवर शे ना पोऱ्या, तेले काय व्हई?'' मूल आईच्या कुशीत असले म्हणजे ते जगातील सर्वांत सुरक्षित जागी आहे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. घरात ती खरी आहे, ओसरीवर खरी आहे, बैलगाडीतही खरी होती. ती खोटी ठरते ती फक्त वेगापुढे. आणि गेल्या पन्नास वर्षांत आपल्या आयुष्यात जर कोणती गोष्ट खरोखर बदलली असेल, तर ती वेग ही आहे.

थोडे गणित करू. शाळा सुटली तरी सवय सुटत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आपल्या वाडवडिलांची दमणी तासाला फार तर चार किलोमीटर चाले. आज फागणे ओलांडून पारोळ्याच्या दिशेने लागलेली मोटार ऐंशीच्या खाली सहसा नसते. वेग वीस पट झाला. परंतु आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे सातवी-आठवीच्या पुढे गेलेल्या प्रत्येकाने शिकलेले आहे. म्हणजे वेग वीस पट तर आघात चारशे पट. दमणी उलटली तर पोर धुळीत पडे, रडे, आणि हळद लावली की सायंकाळी खेळू लागे. त्या अनुभवावर बांधलेली आपली समजूत चारशे पट आघातास कशी पुरणार?

दुसरे गणित. पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी मोटार, हा तर गावातील वेग झाला, समोरच्या ट्रकवर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे समजा. त्या क्षणी आत असलेली प्रत्येक वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराने पुढे ओढली जाते. वर्षभराचे दहा किलोचे बाळ तेव्हा १४० किलोच्या ओढीने हातातून निसटू पाहते. ज्वारीच्या क्विंटलभर पोत्यापेक्षा हे ओझे अधिक आहे. मार्केट यार्डातील कसलेल्या हमालानेही असे पोते अंगावर फेकल्यावर झेलून दाखवावे! आणि आईस तर तयारीचा अवसरही मिळत नाही. डोळ्यांनी पाहिले, मनाने जाणले आणि हात आवळले, एवढ्याला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो. टक्कर त्याच्या कितीतरी आधी संपलेली असते. पन्नासच्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे दहा मीटर, तीन मजल्यांच्या उंचीवरून खाली पडण्यासारखे आहे. तिसऱ्या मजल्याच्या कठडा नसलेल्या गच्चीच्या कडेवर मूल मांडीवर घेऊन आपल्यापैकी कोणीही बसणार नाही.

काही मंडळी यावर तोड काढतात. मूल मांडीवर घेतात आणि एकच पट्टा दोघांवरून ओढून घेतात. हा उपाय मूळ दुखण्याहून वाईट आहे. टक्कर झाली की मागून मोठ्या माणसाचे साठ-सत्तर किलोचे अंग, तेही चौदा पटीने, मुलावर येते आणि पुढून पट्टा त्याला सोडत नाही. मूल मध्ये चिरडते. हीच गोष्ट पोटाशी बांधावयाच्या झोळीवजा पिशवीची. चालताना ती उत्तम आहे; मोटारीत तिचा उपयोग नाही.

ही मांडीची श्रद्धा केवळ आपलीच आहे असे समजू नका. अमेरिकेतील टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स नावाचे एक बालरोगतज्ज्ञ होते. लहान मुलांना मोटारीत वेगळ्या आसनात बांधून नेलेच पाहिजे, असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि त्या देशातील तसला पहिला कायदा त्यांच्या राज्यात १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. पण कायदा करणाऱ्यांनी त्यात एक पळवाट ठेविली : मोठ्या माणसाने मूल हातांत धरले असेल तर चालेल! त्यांनाही आईचे हात पुरेसे वाटले. सँडर्स यांनी त्या पळवाटेला 'मुले चिरडणारी दुरुस्ती' असे कडक नाव दिले आणि तिच्याशी झुंज चालू ठेविली. अखेर १९८१ साली ती रद्द झाली. शिकलेल्या, मोटारींत जन्म काढलेल्या समाजासही ही गोष्ट पटावयास एवढा काळ लागला. तेव्हा आपल्याकडे एका भाषणाने ती पटेल अशी आमची अपेक्षा नाही.

ज्या तीन टोकांच्या पट्ट्याने आज मोटारीत मोठी माणसे बांधली जातात, तो नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने व्होल्वो कंपनीत १९५९ साली आणला. तो मोठ्यांच्या मापाचा आहे. तान्ह्या मुलांचा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तरही स्वीडनमध्येच निघाले. बर्टिल आल्डमन या वैद्याने १९६०च्या दशकात पाहिले की अंतराळवीर यानात पाठीवर रेलून बसतात, म्हणजे वेगाचा सारा दाब पाठीवर सारखा वाटला जातो. त्यावरून त्यांनी मुलाची पाठ मोटारीच्या पुढच्या बाजूस आणि तोंड मागच्या बाजूस, अशी आसनाची रचना सुचविली.

याचे कारण आपल्या आयाबायांना आम्हांपेक्षा अधिक ठाऊक आहे. तान्ह्या मुलाचे डोके सावरून धरावे लागते, मान धरल्याशिवाय मूल उचलू नये, हे पहिलटकरणीस पहिल्याच दिवशी शिकविले जाते. नवजात मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या चौथाई असते. मोठ्या माणसाचे साधारण आठव्या भागाइतके. एवढे जड डोके आणि खाली कोवळी मान. पुढे तोंड करून बसविलेल्या तान्ह्या मुलाचे धड पट्ट्याने थांबते, पण डोके पुढे फेकले जाते आणि मानेवर सारा ताण येतो. मागे तोंड असले म्हणजे डोके, मान आणि पाठ तिन्ही आसनाच्या पाठीत एकत्र दाबली जातात. आपण मान धरतो तेच काम ते आसन करते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सुरतेहून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा नागपुराकडे जाणारा महामार्ग आणि धुळे-शिरपुरावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता, हे दोन खानदेशाचे मोठे रस्ते. चौपदरी रस्ता आल्यापासून वेळ वाचतो, परंतु वेगही वाढला; आणि त्याच रस्त्यावर उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, कापसाची गाडी, शेतातून एकाएकी वर चढणारी मोटारसायकल ही सर्व मंडळी आहेतच. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे एक कंटेनर भरधाव येऊन वाहनांवर व रस्त्याकडेच्या हॉटेलावर आदळला आणि अनेक जीव गेले, हे आपल्या स्मरणात असेल. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक रात्री उलटला. मालावर बसून रावेरकडे आपल्या घरी परतणारे १५ मजूर मेले. त्यांत बायका होत्या आणि मुलेही होती. त्या बिचाऱ्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता. पण लग्नसराईत आपल्यातीलच सुस्थित मंडळी पिकअपच्या मागच्या हौद्यात सतरंजी अंथरून वऱ्हाड बसवितात आणि पोरांना हवा लागावी म्हणून कडेला उभी करतात, तेव्हा त्यास गरिबी हे कारण नसते. याबद्दल आम्हांस फार राग येतो, आणि तो आम्ही लपवीत नाही.

मागची जागा सुरक्षित, तेथे पट्टा कशाला, असेही पुष्कळ जण म्हणतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर आदळली. मोटार किमती होती, मजबूत होती. पुढे बसलेली दोन माणसे जखमी झाली पण वाचली. मागे बसलेले दोघे गेले, आणि त्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पैशाने मोटार मिळते. पट्टा हाताने बांधावा लागतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत अठरा वर्षांखालील ९,५२८ होती. पट्टा न बांधल्यामुळे गेलेल्यांची संख्या १६,७१५ दिली आहे. आसनाचा गुण किती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे योग्य आसनात योग्य रीतीने बांधलेल्या तान्ह्या मुलांचे मृत्यू सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी होतात. एवढा गुण असलेले औषध असते तर आपण रांगा लावल्या असत्या.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने अथवा मुलांच्या आसनाने सुरक्षित न करता जो वाहन चालवील, त्यास केंद्रीय कायद्यात एक हजार रुपये दंड सांगितला आहे. चौकातला शिपाई मोठ्यांचा पट्टा पाहतो, मुलाकडे पाहत नाही, म्हणून हे कलम आपल्यापैकी बहुतेकांस माहीत नाही. आम्हांस स्वतःस दंडाच्या धाकाने केलेली गोष्ट फारशी आवडत नाही, तरी माहीत असावे म्हणून सांगितले.

ज्यास बाजारात 'बेबी सीट' किंवा 'कार सीट' म्हणतात ते आसन कसे वापरावे, याविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे. कारण चुकीने बांधलेली सीट म्हणजे तळ नसलेली बादली. जन्मापासून निदान दोन वर्षे, आणि त्या सीटवर लिहिलेल्या वजन-उंचीत मूल बसते आहे तोवर त्यापुढेही, मुलाचे तोंड मागे असावे. पाय दुमडतात म्हणून घाईने पुढे फिरवू नये. मुलास दुमडलेल्या पायांचा त्रास नसतो, तो आपल्यालाच दिसतो. सीट नेहमी मागच्या बाजूस लावावी. पुढच्या जागेसमोर एअरबॅग असते. टक्कर होताच ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते आणि मागे तोंड केलेल्या सीटवर घणासारखी आदळते. तेव्हा चालू एअरबॅगपुढे अशी सीट कदापि लावू नये, मग मूल कितीही रडो.

सीट मोटारीच्या पट्ट्याने बांधता येते. पुष्कळशा नव्या मोटारींत मागच्या गादीच्या खाचेत दोन लोखंडी कड्या असतात, त्यांस 'आयसोफिक्स' म्हणतात; त्यांत सीट खटकन बसते. कशीही लावा, पट्टा जेथून जातो तेथे धरून सीट हलवून पाहावी. ती बोटभराहून अधिक सरकली तर ती बांधलेलीच नाही. मग मुलाचे पट्टे. मागे तोंड असताना ते खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंड असताना खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. खांद्यापाशी पट्ट्याची चुणी चिमटीत धरून पाहावी. चिमटीत आली तर पट्टा सैल आहे.

येथे आपल्या चालीरीतींचा एक अडसर येतो. थंडीच्या दिवसांत आपण बाळास अंगडे, टोपडे, वर दुपटे, त्यावर शाल, असे गुंडाळून त्याचे गाठोडे करतो आणि मग सीटमध्ये ठेवतो. पट्टा गाठोड्यावर घट्ट बसतो, पण टकरीत कापूस दबतो आणि आतले मूल सैल राहते. म्हणून साध्या अंगड्यावर पट्टा बांधावा आणि शाल त्यावरून पांघरावी. उलट वैशाखात, जेव्हा आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या मोटारीतील पट्ट्याची धातूची कडी चटका देते. उभी करताना सीटवर पांढरे फडके टाकून ठेवावे आणि मूल बसविण्यापूर्वी कडीला आपला हात लावून पाहावा. अशा उन्हात मूल मोटारीत क्षणभरही एकटे ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको.

मूल चार-पाच वर्षांचे झाले म्हणजे मोठ्यांचा पट्टा पुरे, असे समजणे चुकीचे आहे. तो पट्टा त्याच्या गळ्यावरून आणि पोटावरून जातो. मुलास उंच करणारी उशीवजा सीट मिळते, तिला 'बूस्टर' म्हणतात. खालचा पट्टा कमरेच्या हाडावर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर येईपर्यंत, साधारण साडेचार ते पाच फूट उंची होईपर्यंत, ती वापरावी. आणि जी सीट एकदा टकरीत सापडली ती कितीही चांगली दिसली तरी टाकून द्यावी.

नवी मोटार घेणाऱ्यांस एक सूचना. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात 'भारत एनकॅप' ही मोटारींची आदळून परीक्षा घेण्याची योजना सुरू झाली आहे. तीत मोठ्यांच्या सुरक्षिततेस वेगळे तारे आणि मुलांच्या सुरक्षिततेस वेगळे तारे मिळतात. आपण रंग विचारतो, ॲव्हरेज विचारतो, गाणी कशी वाजतात ते ऐकून पाहतो. मुलांचे तारे किती, हेही विचारावे.

एवढ्यात मागे बसलेल्या काही मंडळींच्या मनात आले असेल की मास्तर मोटारवाल्यांचीच कथा सांगत आहेत. खरे आहे. आपल्यातील निम्म्याहून अधिक घरांचा संसार अजून मोटारसायकलवर चालतो. पुढे टाकीवर एक मूल, मागे दुसरे, त्यामागे आडवी बसलेली आई आणि तिच्या मांडीवर तिसरे, हे दृश्य धुळ्यात काय, जळगावात काय, रोजचे आहे. कायद्याने दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस बसावयाचा. चार वर्षांवरील प्रत्येकास हेल्मेट हवे. चार वर्षांखालील मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी नियम प्रसिद्ध झाला आणि एक वर्षाने तो लागू झाला : मुलाच्या अंगात बंडीसारखा पट्टा घालून तो चालकाच्या खांद्यांस जोडावा, तो तीस किलोचा भार पेलणारा असावा, नऊ महिने ते चार वर्षे या वयाच्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट, निदान सायकलचे तरी, असावे, आणि वेग चाळीसच्या वर जाऊ नये.

या पट्ट्याविषयी आमचे मत असे की तो टकरीवरचा उपाय नव्हे. तो पडण्यावरचा उपाय आहे. पण आपल्याकडे पडण्याचेच प्रसंग पुष्कळ. बाजारहाट करून सायंकाळी परतताना वाऱ्याने मुलास पेंग येते, मागे बसलेले मूल खड्ड्यात गाडी उसळताच निसटते आणि चालविणाऱ्यास कळतही नाही. अशा वेळी चार-पाचशे रुपयांची ही बंडी जीव वाचवील. स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल मात्र कोणत्याच उपायाने सुरक्षित होत नाही. ते हँडलवर आदळते आणि मागून बापाचे अंग त्याच्यावर येते. नऊ महिन्यांच्या आतील बाळ तर दुचाकीवर नेऊच नये. दवाखान्यातून आणावयाचे असेल तर रिक्षा करावी, हळू चालव म्हणून सांगावे, एस.टी.ने न्यावे. एस.टी.त पट्टा नसतो हे आम्ही जाणतो, तथापि मोठ्या गाडीचा आघात आतल्यांस कमी लागतो. दाराजवळची आणि अगदी पहिली जागा टाळून, पुढे दुसऱ्या आसनाची पाठ असेल अशी जागा धरावी.

शाळेच्या रिक्षेत चालकाच्या दोहों बाजूंस लोंबकळणारी मुले हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. शालेय बससाठी महाराष्ट्रात २०११ चे नियम आहेत आणि प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असे त्यांत सांगितले आहे. आपापल्या शाळेत ती आहे काय, आणि असल्यास कधी बसते, एवढे पालकांनी विचारावे.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप रडण्याचा. आमच्या वहिनी नातवाच्या जन्माच्या वेळी सुनेच्या बाळंतपणास न्यू जर्सीला गेल्या होत्या. तेथे दवाखान्यातून बाळ घरी नेण्यापूर्वी परिचारिकेने प्रथम सीट पाहिली, मग बाळ सोडले. वाटेत बाळ रडू लागले. वहिनींनी सवयीने हात पुढे केले तर मुलगा म्हणाला, ''आई, आता नाही. पुढे गाडी थांबवतो, मग घे.'' वहिनींना ते लागले. जळगावास परत आल्यावर बरेच दिवस त्या सांगत होत्या की तिकडची माणसे कोरडी. परंतु तोच नातू दीड वर्षाचा होऊन येथे आला, तेव्हा मोटारीत बसताच तो स्वतः सीट शोधू लागला आणि मांडीवर बसेना! पहिल्या दिवसापासून सवय असलेले मूल सीटमध्ये रडत नाही, झोपते. वर्षभर मांडीवर नेऊन मग बांधू पाहाल तर ते रडणारच. आमच्या वहिनींचे यावर उत्तर असे की, ''तिकडे पोलिसाचा धाक आहे, इकडे विचारतो कोण?'' त्या येथेच समोर बसल्या आहेत. या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नाही. कोणी विचारीत नाही, हे खरेच आहे.

दुसरा आक्षेप माणसांचा. पाचांच्या मोटारीत आपण आठ जण बसतो. त्यात एक जागा बाळास दिली तर काका कोठे बसावयाचे? जावळ काढावयास वणीच्या गडावर किंवा म्हसदीला धनदाई देवीला निघालो की भावकीतील कोणास नाही म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याचे जावळ काढावयाचे त्याचीच जागा त्या मोटारीत नसावी, हे कसे? काकांनी एस.टी.ने यावे. क्रुझरमध्ये आडव्या बाकांवर मुले बसवू नयेत. मधल्या, पुढे तोंड असलेल्या आणि पट्टा असलेल्या जागेवर त्यांचा पहिला हक्क मानावा.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो एकटाच आम्ही पूर्ण मान्य करतो. चांगली सीट काही हजार रुपयांना पडते आणि तान्ह्या बाळाची सीट वर्ष-दीड वर्षात अपुरी होते. येथेच मंडळाचा संबंध येतो. आपल्या मंडळाची भांडी, सतरंज्या आणि पंगतीची ताटे वर्षानुवर्षे सभासदांच्या घरी कार्यास जातात, वहीत नोंद होते, मोजून परत येतात. ज्या काळी प्रत्येकास मोठे पातेले विकत घेणे परवडत नव्हते, त्या काळी आपल्या वाडवडिलांनी ही युक्ती काढली. आज पातेले सर्वांकडे आहे. तेव्हा त्याच वहीत पुढच्या पानावर बेबी सीटची नोंद का होऊ नये? आमची कार्यकारिणीस लेखी सूचना आहे की प्रारंभी तान्ह्या मुलांच्या दहा सीटा घ्याव्यात, पाच जळगावास व पाच धुळ्यास ठेवाव्यात, आणि सभासदांस वर्षभरासाठी नाममात्र अनामत घेऊन द्याव्यात. परत येताना 'ही सीट टकरीत सापडली नाही' अशी सही घ्यावी. सापडली असल्यास ती मोडीत काढावी, अनामत मात्र परत करावी, नाही तर कोणी खरे सांगणार नाही.

बारशाच्या आहेराबद्दलही एक विनंती आहे. मामाकडून चांदीचे वाळे, आत्याकडून करदोडा, आजोळहून सोन्याची बाळलेणी येतात. करदोडा अवश्य बांधावा. पण चार नातलगांनी मिळून एक सीट द्यावी आणि ती बारशाला नव्हे, तर बाळ दवाखान्यातून निघण्याच्या आदल्या दिवशी पोचवावी. कारण त्याचा पहिला प्रवास तोच असतो, आणि बारशापर्यंत तो होऊन गेलेला असतो.

पहिली सीट आम्ही स्वतः मंडळास देत आहोत. ती व्यासपीठामागे खोक्यात ठेवली आहे. भोजनानंतर आवारातील चिंचेखाली ती मोटारीत कशी लावावयाची ते प्रत्यक्ष करून दाखविण्याचे आम्ही ठरविले आहे. आमच्याकडे मोटार नाही; तेव्हा ज्यांची मोटार सावलीत उभी आहे अशा कोणी गृहस्थांनी किल्ली घेऊन तेथे यावे, आणि ज्यांच्याकडे तान्हे मूल आहे त्या आयांनी मूल घेऊन यावे. आजींनीही यावे.